ताई, मुलाखतीला जा

वाचकांचे प्रश्न, गुरुजींची उत्तरे

(कारागृहातल्या साक्षरता वर्गावर अनेक वर्षं शिकवलेले आणि आता निवृत्त होऊन बेळगावात राहणारे आमचे गुरुजी या सदरात वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात. पत्रं पाठवणाऱ्यांची नावं त्यांच्याच विनंतीवरून छापलेली नाहीत.)

पत्र पहिलं

गुरुजी, नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यातले. माझा धाकटा लेक २३ वर्षांचा, टेम्पो चालवतो. गावच्या यात्रेत भांडण झालं, एकाचं डोकं फुटलं आणि पोलिसांनी चौघांना उचललं. त्यात हा. कोर्टानं हिंडलग्याच्या जेलला पाठवलंय. आमच्या घरात आजवर कुणी पोलिस ठाण्याची पायरी चढलेलं नाही. गावात लोक काय काय बोलूलेत. ह्यांचं म्हणणं, भेटायला जायचं नाही, सुटून आला की बघू. मला रात्रीची झोप नाही. आत त्याला मारतील काय? जेवायला काय देत असतील? त्याला कन्नड बोलता येतं, पण वाचता येत नाही. मी भेटायला जाऊ काय?
— एक आई

उत्तर

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. जा. याच आठवड्यात मुलाखतीला, म्हणजे आतल्या माणसाला भेटायला, जा. यजमान येत नसतील तर भावाला घ्या, थोरल्या लेकाला घ्या, कुणीच नसेल तर एकट्या जा. हिंडलगा गणपतीला जायची वाट तुम्हाला ठाऊक असेलच, कारागृह त्याच बाजूला आहे. बरोबर तुमचं आधार कार्ड असू द्या. घरात कुणाला मोबाइलवर जमत असेल तर ई-मुलाकातच्या सरकारी संकेतस्थळावर आधी नाव नोंदवा, म्हणजे खेप वाया जात नाही. का जायचं ते पुढं सांगतो. आधी तुमचा मुलगा तिथं कसा आहे ते ऐका, कारण न दिसलेल्या गोष्टीची भीती जास्त वाटते.

कोर्टातून आलेली गाडी बहुतेक दुपार कलल्यावर पोचते. मोठ्या दारातल्या छोट्या दिंडीतून वाकून आत जावं लागतं. पहिल्यांदा आलेला माणूस तिथंच गार पडतो. आत टेबलाजवळ कोर्टाचं वॉरंट बघतात, नाव, वडिलांचं नाव, गाव लिहून घेतात, अंगावरचे तीळ, जुन्या जखमांचे व्रण नोंदवतात, उंची, वजन, बोटांचे ठसे, फोटो घेतात. अंगझडती होते. मोबाइल, घड्याळ, पट्टा, अंगठी, खिशातले पैसे काढून घेऊन वहीत लिहितात आणि सही घेतात. त्या वस्तू बुडत नाहीत, सुटताना परत मिळतात. मग डॉक्टर तपासतात. ठाण्यात मारहाण झाली असेल, कुठं सूज किंवा वळ असेल, तर ते तिथं सांगायचं असतं आणि नोंदवून घ्यायचं असतं. पोरं घाबरून "काही नाही" म्हणतात. तुमच्या मुलाला काही लागलं असेल आणि त्यानं सांगितलं नसेल, तर अजूनही सांगता येतं. वकिलांमार्फत कोर्टासमोरही मांडता येतं.

मग ताट, पेला, अंथरूण-पांघरूण हातात देऊन बराकीत पाठवतात. खटला चालू असलेल्यांना कच्चे कैदी म्हणतात आणि शिक्षा लागलेल्यांना पक्के. कच्च्यांना वेगळं ठेवायचा नियम आहे. तुमचा मुलगा कच्चा कैदी आहे, म्हणजे कायद्याच्या नजरेत तो आज गुन्हेगार नाही. त्यानं स्वतःचे कपडे घालायचे असतात आणि त्याच्याकडून सक्तीनं काम करून घेता येत नाही. ही गोष्ट यजमानांना वाचून दाखवा.

पहिली रात्र वाईट असते, हे खोटं सांगून तुमची समजूत काढणार नाही. दिवस मावळायच्या सुमाराला गिनती होते, माणसं मोजून बराकीला कुलूप लागतं, ते उजाडल्यावरच उघडतं. रात्रभर दिवे जळत असतात. लांबलचक खोली, दोन्ही अंगाला ओळीनं माणसं, आणि नव्या माणसाच्या वाट्याला बहुतेक वेळा संडासाकडची जागा. कुणी खोकतंय, कुणी घोरतंय, कुणी जपमाळ ओढतंय. जेवणही कुलपाच्या आधी उरकतं. आपल्याकडं रात्री नऊला पानावर बसायची सवय, त्यामुळं झोपायच्या वेळी पोटात पुन्हा भूक उठते आणि दाराला कुलूप असतं. पहिल्या रात्री बहुतेकजण रडतात, तोंडावर पांघरूण घेऊन. शेजारचा जुना माणूस ते ओळखतो, आणि नेहमी वाईटच वागतो असं नाही. एखादा म्हातारा नुसता म्हणतो, "गाव कुठलं रे पोरा?" आपल्या भागात गाव विचारलं की दोन मिनिटांत ओळख निघते. मामाचं गाव, चुलतीचं माहेर, कारखान्यावर ऊस घालायला भेटलेला कुणी. ती ओळख पहिल्या आठवड्यात फार कामाला येते.

जेवणाचं विचारलंत. पोट भरतं. सकाळी उप्पीट किंवा चित्रान्नासारखं काहीतरी, मग भात, सांबार, चपाती किंवा नाचणीचा मुद्दा, ताक. घरची चव नसते, तिखट-मिठाचा अंदाज हजार माणसांचा असतो. डबा घेऊन गेलात तर तो बहुधा गेटवरून परत आणावा लागेल, म्हणून डबा नको. त्याच्या नावावर आत खातं असतं, त्यात पैसे भरता येतात. त्यातून तो कँटीनमधून साबण, टूथपेस्ट, बिस्किटं घेतो आणि फोनची सोय असते तिथं ठरलेल्या नंबरवर बोलतो. थोडेच भरा. ज्याच्या खात्यावर जास्त, त्याच्या भोवती मित्र जास्त.

यावरूनच माराच्या प्रश्नाकडं येतो. बराकीत भांडणं होतात. पण मी जी पाहिली, त्यातली बहुतेक उसनवारीवरून. बिडीचं बंडल उसनं, फोनचा वेळ उसना, पत्त्यांवरची पैज. तीन गोष्टी त्याला बजावून सांगा. कुणाचं काही उसनं घ्यायचं नाही. आपल्या केसबद्दल कुणापाशी बोलायचं नाही, "काय केलंस?" असं विचारलं तर "वकिलाला ठाऊक" एवढंच. आणि कुणाची चिठ्ठी, पुडी, निरोप, काही म्हणजे काही इकडून तिकडं न्यायचं नाही. कुणी दमदाटी केली तर फेरीवर आलेल्या अधिकाऱ्याला, डॉक्टरला किंवा विधी सेवा प्राधिकरणाकडून (मोफत कायदेशीर मदत देणारी सरकारी यंत्रणा) येणाऱ्या वकिलांना सांगायचं. गप्प बसलं की त्रास वाढतो. बराकीची झाडलोट पाळीपाळीनं करावी लागेल, ती करू दे, त्यात कमीपणा नाही. मात्र जात विचारून कुणाच्या गळ्यात संडास सफाई घालणं हे सर्वोच्च न्यायालयानं ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात घटनाबाह्य ठरवलं आहे. हा निकाल मी वर्गात असतानाच लागायला हवा होता, इतकं त्या बाबतीत पाहिलंय.

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. मारापेक्षा आणि जेवणापेक्षा नव्या माणसाला आतून पोखरतं ते हे की त्याला काही कळत नाही. कच्च्या कैद्याला काम नसतं. सकाळी बराक उघडते, आंघोळ, नाश्ता, थोडा वेळ अंगणात, दुपारी पुन्हा बंदी, पुन्हा अंगण, पुन्हा कुलूप. घड्याळ नाही, फक्त घंटा. डोक्यात एकच चक्र फिरत राहतं: जामीन कधी, वकील कुणी दिला, घरचे रागावलेत काय, माझ्यावर कलम कुठलं. वर्गात असा एक पोरगा यायचा. पाटीवर अक्षरं गिरवायची सोडून दर थोड्या वेळानं विचारायचा, "गुरुजी, आज किती तारीख?" मी सांगायचो. तो बोटं मोजायचा आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच. कोर्टाची पुढची तारीख त्याला कुणी सांगितलीच नव्हती, नुसता अंदाजानं मोजत होता. त्याच्या घरचं कुणी आलं नव्हतं.

म्हणून तुम्ही जाताना एका कागदावर मराठीत, मोठ्या अक्षरांत, एवढं लिहून न्या: पोलिस ठाण्याचं नाव, गुन्हा नंबर, लावलेली कलमं, कोर्ट कुठलं, वकिलांचं नाव, पुढची तारीख. कागद आत देऊ देतील तर द्या, नाहीतर वाचून दाखवा आणि त्याच्याकडून म्हणून घ्या. पाठ झालं की तो निम्मा सावरेल. न्यायालयीन कोठडी एका वेळी जास्तीत जास्त १५ दिवसांची असते, मग पुन्हा तारीख पडते. हल्ली ती बऱ्याचदा व्हिडिओवर होते. पडद्यासमोर उभं करतात आणि मिनिटभरात पुढची तारीख ठरते. त्या मिनिटात त्यानं तारीख ऐकायची आणि कळली नाही तर विचारायची.

भाषेचं म्हणाल तर कागद बहुतेक कन्नडमध्ये असणार. न वाचलेल्या कागदावर सही करू नको म्हणावं. आधी कुणाकडून तरी वाचून घ्यायचा. अटकेची कारणं आरोपीला समजेल अशा भाषेत लेखी द्यावीत, असं सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. त्याला तशी दिली होती काय, हे तुमच्या वकिलांना विचारा. साक्षीपुरावा आरोपीला न कळणाऱ्या भाषेत होत असेल तर कोर्टानं त्याला तो समजावून द्यायचा असतो, हेही कायद्यात आहे. सीमाभागातल्या माणसानं हा हक्क मागताना लाजायचं कारण नाही.

वकील दिलेला नसेल तर जमीन गहाण टाकू नका. कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चानं वकील मिळतो आणि १९८७ च्या विधी सेवा कायद्यात त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. बेळगावच्या कोर्टातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, नाहीतर १५१०० वर फोन करा. आणखी एक तारीख कॅलेंडरवर लाल शाईनं लिहून ठेवा. कलमातली शिक्षा किती आहे त्यावरून पोलिसांना ६० किंवा ९० दिवसांत आरोपपत्र द्यावं लागतं. ते त्या मुदतीत आलं नाही तर जामीन हक्कानं मिळतो, पण त्यासाठी आरोपपत्र यायच्या आधी अर्ज पडलेला हवा. मुदत कधी संपते ते वकिलांकडून लिहून घ्या. शिवाय मुलाचा हा पहिलाच गुन्हा असेल, दुसरा खटला नसेल आणि कलमाला फाशी-जन्मठेप नसेल, तर नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमानं जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत गेला की बंधपत्रावर सोडायचं असतं. तिथवर वेळ येऊ नये, पण माहिती असू द्या.

मुलाखतीची वेळ थोडी असते. मध्ये जाळी किंवा काच, शेजारी दहा माणसं एकदम बोलतात, कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. मी पाहिलेल्या कित्येक आयांची सगळी वेळ रडण्यात गेली आणि शिट्टी वाजल्यावर त्यांना आठवलं की तारीख सांगायची राहिली. रडू येईल ताई, येऊ दे. पण आधी कागद वाचा. मग घरचं सांगा, म्हैस व्यायली, रोपलावणी आटपली, आजीचे गुडघे कसे आहेत. "असं का केलंस?" हे तिथं विचारू नका. त्याला वेळ पुष्कळ आहे.

आता यजमानांच्या लाजेचं. आपल्या भागात हिंडलग्याला जाऊन आलेल्या माणसांची नावं घरोघर आदरानं घेतात. स्वातंत्र्याच्या लढ्यातले गेले, सीमाप्रश्नाचे सत्याग्रही गेले, १९५० साली सावरकरांनाही तिथंच स्थानबद्ध ठेवलं होतं. तुमच्या मुलाचं प्रकरण तसलं नाही, हे मला कळतं. कुणाचं तरी डोकं फुटलंय, त्याचीही आई आहे. पण ज्या गेटवर आपली माणसं सत्याग्रहींना बघायला उन्हात उभी राहिली, त्या गेटवर एका बापानं उभं राहण्यात नामुष्की नाही. यजमानांना सांगा, सुटून आल्यावर बघू म्हणतात, पण तो कसा होऊन बाहेर येतो हे आत्ता ठरतंय. ज्याला भेटायला कुणी येत नाही, त्याला बराकीतलं कुणीतरी आपलं करून घेतं, आणि तो "कुणीतरी" नेहमी गाव विचारणारा म्हाताराच असतो असं नाही.

पत्र दुसरं

मी निपाणीजवळचा. तंबाखूच्या व्यवहारात दिलेला चेक वटला नाही. एक वर्षाची साधी कैद झाली, अपिलातही कायम राहिली. पुढच्या आठवड्यात हजर व्हायचंय. वय ५१, शुगर आहे. काय न्यावं आणि आत कसं राहावं?
— एक शेतकरी-व्यापारी

उत्तर

दादा, हजर होण्याआधी वकिलांना दोन गोष्टी विचारा. उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात पुनरीक्षण अर्ज (निकाल पुन्हा तपासायचा अर्ज) करून शिक्षेला स्थगिती मागता येते काय, आणि समोरच्याशी तडजोड होते काय. चेकच्या गुन्ह्यात तडजोड कुठल्याही टप्प्यावर चालते, शिक्षा लागल्यावरही. एक वर्ष आत काढण्यापेक्षा जावयाला मध्ये घालून, हप्ते बांधून घेतलेले बरे. यात कुणाचं नाक कापलं जात नाही.

जावंच लागलं तर शुगरची जुनी-नवी चिठ्ठी, रिपोर्ट आणि गोळ्यांची नावं लिहिलेला कागद बरोबर ठेवा. गोळ्या जवळ बाळगू देणार नाहीत, कारागृहाच्या दवाखान्यातून मिळतील. दाखल होताना डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की मला शुगर आहे, अमुक गोळी अमुक वेळी. इन्सुलिन असेल तर आणखी ठासून. संध्याकाळचं जेवण लवकर असतं आणि सकाळपर्यंत मध्ये काही नसतं, रात्री साखर उतरायची भीती असते. तेही सांगा आणि कँटीनची बिस्किटं उशाशी असू द्या. चष्मा न्या. सोनं नेऊ नका.

तुम्ही पक्के कैदी व्हाल. साधी कैद असल्यानं कामाची सक्ती नाही, पण माझं कळकळीचं सांगणं आहे की काम मागून घ्या. कामाची मजुरी खात्यावर पडते, ही त्यातली छोटी गोष्ट. मोठी गोष्ट ही की दिवसाला आकार येतो. व्यापारी माणसाला हिशेब येतो, वाचता-लिहिता येतं. वर्गावर मदत करा, दुसऱ्यांची पत्रं लिहून द्या. असली माणसं वर्गात आली की मला दुसरा शिक्षक मिळाल्यासारखं व्हायचं, आणि त्यांच्या वाटेला बराकीतलं कुणी जायचं नाही. जायच्या आधी बँकेची, सोसायटीची कामं आणि पिकाचं देणंघेणं मुलाला किंवा बायकोला लिहून द्या. आतून ते निस्तरताना जीव नकोसा होतो.

पत्र तिसरं

माझ्या नवऱ्याला जामीन मंजूर होऊन तीन आठवडे झाले. तरी ते आतच आहेत. जामीनदार म्हणून माझे वडील यायला तयार आहेत, पण ते चंदगड तालुक्यातले, त्यांचा सातबारा महाराष्ट्राचा. तो चालणार नाही, इथला उतारा असलेला माणूस आणा, असं सांगितलं गेलं. सासरी कुणाच्या नावावर जमीन नाही. मी काय करू?
— एक वाचक, बेळगाव तालुका

उत्तर

बाळ, सीमेवरच्या घरांना हा त्रास फार होतो. सासर इकडं, माहेर तिकडं, मध्ये शिनोळीचा नाका. पण जामीनदार त्याच जिल्ह्यातला हवा असं कायदा म्हणत नाही. १९७८ मध्ये मोतीराम नावाच्या एका गरीब गवंड्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात, म्हणून भावाला जामीनदार म्हणून नाकारलेलं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यावर कडक शब्दांत नापसंती दाखवली आणि भूगोलावरून असा भेद करता येत नाही असं सांगितलं. तुमच्या वकिलांना हा निकाल जोडून अर्ज करायला सांगा. वडिलांचा ताजा सातबारा, आठ-अ, आधार आणि तलाठ्याचा दाखला बरोबर असू द्या, म्हणजे खातरजमा करायला कारण उरणार नाही.

त्याच अर्जात दुसरी मागणी घाला की जामिनाची रक्कम किंवा अट हलकी करावी, अगर वैयक्तिक बंधपत्रावर सोडावं. जामीन होऊन सात दिवसांत माणूस सुटला नाही तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिना झाला तरी जामीनदार मिळाला नाही तर कोर्टानं आपणहून अट बदलायचा विचार करायचा, असे सर्वोच्च न्यायालयाचे ३१ जानेवारी २०२३ चे निर्देश आहेत. तुमचे तीन आठवडे झालेत. वाट बघू नका. जामिनाच्या आदेशाची प्रत घेऊन प्राधिकरणाच्या ऑफिसात जा आणि विचारा, माझ्या नवऱ्याचं नाव तुमच्याकडं आलंय काय? नसेल आलं तर तिथंच लेखी अर्ज द्या.

पैशाअभावी अडकलेल्यांसाठी केंद्र सरकारची २०२३ पासूनची योजनाही आहे. तिच्यात कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी पैशाची मदत मिळू शकते. जिल्ह्याची समिती ठरवते, काही गंभीर गुन्हे वगळलेले आहेत. तुमचं प्रकरण बसतं काय ते त्याच ऑफिसात कळेल. अर्जाच्या दोन प्रती करा, एकीवर शिक्का आणि तारीख घ्या, आणि ती तारीख पुढच्या मुलाखतीत नवऱ्यालाही सांगा.